तेलाचं काम कोण करणार?

ग्रॅनोला म्हणजे ओट्स आणि सुका मेवा गोडात घोळवून भाजलेला कुरकुरीत नाश्ता. त्याच्या पाकिटाची पुढची बाजू वाचायच्या भानगडीत पडू नये. तिथं हिरवं पान असतं, चमच्यावरून ओघळणारा मध असतो आणि बदाम तर इतके की डोळे दिपावेत. वाचायची ती मागची बारीक अक्षरं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायची असा आपल्याकडे नियम आहे, म्हणजे जे जास्त ते आधी. पहिले ओट्स, तिथपर्यंत ठीक. त्यांच्यामागे साखर, नाहीतर साखरेचीच नाव बदलून आलेली भावंडं. मग तेल, पुष्कळदा पामचं. बदाम बिचारे खाली कुठंतरी दोन-चार टक्क्यांत बसलेले.

माझा मुलगा बेंगळुरात नोकरीला आहे. सकाळी त्याला पोहे करायला वेळ नसतो आणि उपाशी जायचं नाही असा माझा धोशा, त्यातून हे पाकीट त्याच्या स्वयंपाकघरात आलं. किंमत ऐकून मी म्हटलं, एवढ्यात आमच्या बेळगावच्या रविवार पेठेतून महिन्याचा किराणा निम्मा भरतो. तो म्हणाला, "मग घरी कर की. पण तेल अजिबात नको." जिममधल्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं. जिममधलं कुणीतरी म्हणजे आजकाल कुलदैवतच.

तेल वगळायचं तर वरवर पाहता काही करावंच लागत नाही. बाटलीला हात लावायचा नाही, झालं. पण थोरली जाऊ चार दिवस माहेरी गेली की तिची पाच कामं कुणी करायची यावरून घरात कुरबुर सुरू होते. तेलाचं तसंच आहे. ते पदार्थात असतं तेव्हा दिसत नाही, आणि नसलं की त्याची एकेक कामं उघडी पडायला लागतात.

पहिलं काम उष्णता पोचवण्याचं. ओट्सची पाकळी पातळ, कोरडी. ओव्हनमधली गरम हवा तिला कडेनं पकडते आणि मध्ये कच्चीच सोडते. तेलाचा पातळ थर असला की आच सगळीकडे सारखी लागते, म्हणून तेलातला ग्रॅनोला एकसारखा खरपूस दिसतो. दुसरं काम तोंडातलं. कोरडे भाजलेले ओट्स चावले तर पिठूळ लागतात, टाळूला चिकटतात. तेल त्यांना सुटं करतं. तिसरं, गुळा-साखरेच्या पाकाला ते आवर घालतं, नाहीतर पाक थंड झाला की दगड. आणि चौथं दमटपणाला अडवण्याचं. ज्यानं आमचा जुलै महिना पाहिलाय त्याला चौथ्या कामाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. खानापूरकडून पाऊस एकदा चढला की कपाटातल्या चादरीसुद्धा ओलसर लागतात.

तरीपण तेलाशिवाय कुरकुरीत कसं करायचं हे आम्हाला बाहेरून शिकायची गरज नाही. चुरमुऱ्यांच्या भट्टीवर उभं राहून बघावं. भलीमोठी लोखंडी कढई, खाली भाताच्या कोंड्याचा जाळ, आत वापरून वापरून काळी पडलेली वाळू. भट्टीवाला मूठभर तांदूळ टाकतो. क्षणभर काहीच होत नाही, दाणे वाळूत गडप झालेले असतात. मग वाळूच उकळायला लागल्यासारखी दिसते आणि पांढरे चुरमुरे वर येतात. तो झारा मारतो, चाळणीवर ओततो, वाळू खाली आणि चुरमुरे वर. सगळा खेळ आपण पदराला हात पुसेपर्यंत उरकतो. दाण्यातल्या ओलाव्याची एकदम वाफ होते, बाहेर पडायला वाट नसते, म्हणून दाणा फुलतो. वाळू इथं तेलाचंच काम करते: दाण्याला चारी बाजूंनी वेढते आणि एका दमात आच देते. फक्त काम झालं की चाळणीतून खाली पडते, पोटात जात नाही.

मी ओट्स घेऊन भट्टीवर गेले होते, हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. भट्टीवाला कन्नड बोलणारा, पण आमच्याशी आमच्यासारखा बोलतो. त्यानं पिशवीत हात घालून ओट्स चोळून बघितले आणि म्हणाला, "हे तर पोहेच की अक्का. हे वाळूत घातलं तर माझी वाळू तुमच्या दातात येणार." बरोबर आहे त्याचं. ओट्स वाफवून रुळाखाली चपटे केलेले असतात. फुलायला लागणारं बंद कवच त्यांना उरलेलंच नसतं. वाफवतात त्यालाही कारण आहे. ओट्समध्ये स्निग्धांश इतर धान्यांपेक्षा बराच, शंभरात सहा-सात भाग, आणि त्याला खवट करणारं एक विकरही त्यांच्यातच असतं. वाफेनं ते निकामी होतं, म्हणून ओट्स दुकानात महिनोन् महिने टिकतात. तेव्हा वाळू नाही. पण भट्टीवरून मी रिकाम्या हातानं आले नाही, जोंधळ्याच्या लाह्या घेऊन आले. त्यांचं पुढं येईलच.

लाह्या म्हटलं की आमच्याकडे पंचमी. श्रावणातली नागपंचमी या भागात केवढी मोठी असते ते पुण्या-मुंबईच्या लोकांना पटत नाही. झाडाला झोके, माहेरी आलेल्या लेकी, आणि डबेच्या डबे लाडू: लाह्यांच्या पिठाचे, शेंगांचे, तिळाचे, तंबिटाचे. मराठी घर असो की कन्नड, डब्यातल्या लाडवांत फारसा फरक नसतो. सीमेचा वाद लाडवांपर्यंत काही पोचलेला नाही. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही. नागाला इजा नको हे कारण सांगतात. कारण काही असो, पण एक अख्खा सण जिथं तळणाशिवाय पार पडतो तिथल्या बायकांना भाजणं, फुलवणं आणि गुळात बांधणं या तीन गोष्टी हाताखालच्या असतात. ग्रॅनोलाला तरी दुसरं काय लागतं?

आणि मुळात हा पदार्थ जन्माला आला तोच तेलाशिवाय. १८६३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल गावी जेम्स कॅलेब जॅक्सन नावाचे डॉक्टर आरोग्यधाम चालवत होते. त्यांनी कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाचे कडक पापुद्रे भाजले, फोडले, पुन्हा भाजले आणि त्याला ग्रॅन्युला नाव दिलं. ते इतकं टणक व्हायचं की रात्रभर दुधात भिजवल्याशिवाय चावता यायचं नाही. पुढं मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी गहू, ओट्स आणि मक्याचं तसंच काही केलं, नावही तेच ठेवलं. जॅक्सन यांनी हरकत घेतल्यावर एक अक्षर बदलून ग्रॅनोला झालं. हे सगळे लोक पथ्याचे कट्टर. तेल, मध, सुका मेवा घातलेला आजचा गोड ग्रॅनोला घरोघरी आला तो १९६० च्या दशकातल्या केस वाढवलेल्या तरुण पोरांच्या मागोमाग. म्हणजे माझा मुलगा "तेल नको" म्हणतो तेव्हा तो नवीन काही मागत नाही. पण जॅक्सनसाहेबांचं रात्रभर भिजवायचं प्रकरण त्याला चालणार नाही, एवढं मात्र खरं.

त्यामुळे सगळं येऊन ठेपतं पाकावर. पाक मला गोकाकच्या आत्तीनं दाखवला. गोकाकचं करदंट बाहेरच्यांनाही माहीत असतं: डिंक, गूळ, खारीक, खोबरं, काजू. ते तुपातलं, भारी काम. एक वडी खाल्ली की दुपारचं जेवण लांबतं. पण त्यातली गुळाची शिस्त उचलण्यासारखी आहे. आत्ती थर्मामीटर वापरत नाही. शेजारी वाटीत गार पाणी ठेवते. उकळत्या गुळाचा थेंब त्यात टाकला आणि तो विरघळला तर पाक कच्चा. बोटांनी मऊ गोळी वळली तर लाडवाला बरा. गोळी घट्ट झाली आणि ताटलीवर टाकल्यावर टण्णकन वाजली की वडीचा पाक. पुस्तकी भाषेत मऊ गोळी साधारण ११५ अंशांना वळते आणि घट्ट गोळी १२१ च्या पुढं. त्यापलीकडे गेलात तर चिक्की. आत्तीचे कान हे सगळं आकड्यांशिवाय सांगतात. गूळ वितळून वर आलेला फेस आधी मोठ्या बुडबुड्यांचा असतो, आवाज उघडा; पाक जवळ आला की बुडबुडे बारीक, जाड होतात आणि आवाज खाली बसतो. तेवढ्यात गॅस बंद केला नाही तर कढई घासण्यात दुपार जाते.

आता प्रत्यक्ष काम. मी दोन तऱ्हांनी करते, एक अंड्याची, एक बिनअंड्याची. आमच्या घरात एकादशी पाळणारी माणसं आहेत आणि आम्लेटवाली पण.

अंड्याची तऱ्हा ओव्हनमधली. ३०० ग्रॅम जाड ओट्स घ्यायचे. लगेच शिजणारे बारीक नकोत, त्यांचा चुरा होतो. चंदगडकडची काजू पाकळी १०० ग्रॅम. अख्खा काजू इथं घालणं म्हणजे उधळपट्टी, तो शेवटी मोडणारच. भोपळ्याच्या बिया मूठभर, तीळ दोन चमचे, सुंठ, वेलदोडा, चिमूट मीठ. १२० ग्रॅम गूळ पाव वाटी पाण्यात फक्त विरघळवायचा, पाक करायचा नाही, गाळायचा आणि कोमट होऊ द्यायचा. मग एका अंड्याचा पांढरा भाग काट्यानं फेसून त्यात मिसळायचा. गरम गुळात ओतलात तर अंड्याचे गोळे होतात, म्हणून कोमट. हे सगळं ओट्सला हातानं चोळायचं, ताटात बटर पेपर घालून पसरायचं, वाटीच्या बुडानं थोडं दाबायचं आणि १५० अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटं ठेवायचं. मध्ये एकदाच, तेही मोठमोठे तुकडे उलटल्यासारखं, हलवायचं. तेलाचा ग्रॅनोला लोक १७० वर पंचवीस मिनिटांत उरकतात. तेल नसताना ती घाई केली तर कडा जळतात आणि पोट कच्चं. तेलाचं पहिलं काम इथं वेळ करतो. दुसरं आणि चौथं काम अंडं करतं: त्यातली प्रथिनं पाकळीवर सुकून पापडासारखा पातळ कडक थर धरतात, तोंडात तो खुसखुशीत लागतो आणि ओलावाही थोडा रोखतो. अंड्याचा वास येतो का? सुंठ घातली तर नाही.

बाहेर काढल्यावर तो मऊच असतो. इथं माणसाला धीर धरवत नाही आणि तो चमच्यानं ढवळतो. हात लावायचा नाही. गार होताना गूळ घट्ट होतो आणि तेव्हाच त्याचे खडे धरतात. पूर्ण गार झाल्यावर हातानं मोडायचा आणि मग मनुका घालायच्या. ओव्हनमध्ये मनुका घातल्या तर त्या खडीसारख्या होतात.

बिनअंड्याची तऱ्हा गॅसवरची, आणि मला विचाराल तर हीच आपली. जाड बुडाच्या कढईत ओट्स मंद आचेवर कोरडे भाजायचे. हात थांबवायचा नाही. आधी पिठाचा वास येतो, मग काही वेळ कसलाच नाही, आणि मग एकदम भाजलेल्या शेंगांच्या जवळ जाणारा वास सुटतो. तिथं एक पाकळी दाताखाली घ्यायची. कट्ट आवाज आला पाहिजे. हे ओट्स जरा कमी घेऊन त्यांच्या जोडीला जोंधळ्याच्या लाह्या घालायच्या, त्यानं सगळं हलकं होतं. बाजूला चिक्कीच्या गुळाचा घट्ट गोळीचा पाक. आता तेलाचं तिसरं काम कुणाला द्यायचं? शेंगांना. भाजून साल काढलेल्या शेंगा मिक्सरमध्ये फिरवत राहायचं. आधी कूट होतो, मग तो भांड्याच्या कडेला चिकटतो, आणि कंटाळा न करता खरवडून फिरवत राहिलं तर त्याचं लोण्यासारखं सरसरीत होतं. त्याचे दोन-तीन चमचे पाकात घालून भराभर सगळं कालवायचं आणि पसरायचं. मग पाक दगड होत नाही, दाताखाली चुरचुरत मोडतो. केळं कुस्करून किंवा सफरचंदाचा गर घालूनही लोक करतात. चव चांगली येते, पण त्यात पाणी फार; ओव्हनमध्ये तासभर बसलं तरी चिवटपणा राहतोच. पावसाळ्यात तर त्या वाटेला जाऊच नये.

माझ्या मुलाला मी जे सांगितलं ते इथंही सांगते. शेंगेच्या वजनातलं जवळजवळ निम्मं तेलच असतं. तिळातही निम्मं, काजूत त्याहून थोडं कमी. मग हा ग्रॅनोला बिनतेलाचा कसा? बाटलीतलं तेल नाही, एवढाच त्याचा अर्थ. तरी फरक पडतो, आणि तो हिशेबात दिसतो. ३०० ग्रॅम ओट्सला अर्धी वाटी तेल घालणाऱ्या पाककृती सर्रास आहेत. एका मोठ्या चमचाभर तेलात साधारण १२० कॅलरी. अर्धी वाटी म्हणजे नऊशेच्या घरात जातात, आणि त्यांच्याबरोबर पोटात दुसरं काही जात नाही. तेवढ्याच कॅलरींच्या शेंगा खाल्ल्या तर प्रथिनं मिळतात, चोथा मिळतो आणि चावावं लागतं. चावण्याची गोष्ट क्षुल्लक नाही. माणूस तेल विसरून जातो, शेंगा खाल्लेल्या त्याच्या लक्षात राहतात.

पण गूळ हा गूळच आहे. "गूळ घातलाय, साखर नाही" असं ज्या अभिमानानं सांगतात त्याचं मला हसू येतं. रक्तातल्या साखरेला त्याचा रंग दिसत नाही. ज्यांना साखरेचा त्रास आहे त्यांनी बाटलीतलं तेल काढलं म्हणून वाडगा भरून घेऊ नये. मूठभर घ्यावा आणि दही जास्त घ्यावं.

राहिला पाऊस. गूळ हवेतलं पाणी ओढतो आणि वर तेलाचा थर नाही, त्यामुळे आषाढात हा ग्रॅनोला उघडा राहिला तर संध्याकाळपर्यंत मान टाकतो. घट्ट झाकणाचा डबा, तोही लहान लहान. मोठा डबा दहा वेळा उघडला जातो. मऊ पडलाच तर ओव्हनमध्ये १२० अंशांवर दहा मिनिटं, नाहीतर तापलेल्या तव्यावर गॅस बंद करून ठेवायचा, आणि गार झाल्याशिवाय खाऊन "झाला नाही" म्हणायचं नाही. दुकानातला तेलाचा महिनोन् महिने टिकतो. घरचा मी तीन आठवड्यांपलीकडे ठेवत नाही, कारण शेंगा आणि तीळ त्यांचा खवटपणा आपापल्या वेळेला दाखवतातच. बेंगळूरला जाणारा डबा रात्रीच्या बसनं जातो. तिथली हवा आमच्यापेक्षा कोरडी, त्यामुळे मुलाची तक्रार नसते. असली तरी तो फोनवर सांगत नाही, नुसता रिकामा डबा पाठवतो.

तक्रार आहे ती घरातच. सासूबाई मूळच्या खानापूर तालुक्यातल्या, नाचणीच्या भाकरीवर वाढलेल्या. पहिल्यांदा वास सुटला तेव्हा त्या आतल्या खोलीतून उठून आल्या. "काय भाजूलालीस गं एवढं?" मी सगळं समजावून सांगितलं. ओट्स, अंडं, वेळ, आच. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "एवढं कडक करून दुधात घालणार? भिजवायचंच होतं तर भाजलंस कशाला?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं म्हणजे कुणाकडेच नाही. डॉ. जॅक्सन यांच्याकडेही नव्हतं. तेव्हापासून सासूबाईंसाठी मी वेगळा घाणा काढते: गूळ नाही, ओट्स आणि चुरमुरे निम्मे निम्मे, शेंगा, फुटाण्याची डाळ, कढीपत्ता, मीठ, तिखट, हळद, मेतकूट. बांधायला अंड्याऐवजी जवसाची पूड पाण्यात भिजवून, तिचा बुळबुळीत चिकटपणा पुरतो. ओव्हनमध्ये हे १४० अंशांवर निवांत वाळतं आणि कढीपत्ता काचेसारखा होतो. सासूबाई त्यावर कच्चा कांदा आणि लिंबू घेतात, चहाबरोबर. भडंगाची चव नाही म्हणतात आणि वाटी संपवतात. गेल्या खेपेला मुलानं गोडाचा डबा मित्रांत वाटला आणि याच डब्याबद्दल विचारलं. आता त्यात लसणाची कोरडी चटणी घालून बघायचा विचार आहे. तिच्यात सुकं खोबरं आहे, म्हणजे पुन्हा तेल आलंच, पण ते त्याला मी सांगणार नाही.